उसाची साखर आणि बुरशीची कारागिरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



बुरशी म्हटली की नासलेल्या लोणच्याची बरणी आपल्याला आठवते. परंतु ‘अ‍ॅस्परजिलस नायजर’ नावाची काळी बुरशी साखरेचे रूप पालटण्याच्या कामी लावली जाते. ते कसे, हे थोडक्यात सांगतो.

आपली नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज, हे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे जोडपे होय. या बुरशीतील फ्रुक्टोसिल-ट्रान्स्फरेज हे विकर, म्हणजेच एंझाइम, एका जोडप्यातील फ्रुक्टोज उचलून दुसऱ्या जोडप्याला जोडते. त्यातून केस्टोज तयार होते. आणखी एक कडी जोडली की निस्टोज. पाक पातळ असेल तर जोडणीऐवजी मोडणीच अधिक होते. म्हणून पाक चांगला दाट ठेवावा लागतो आणि तापमान साधारणतः ५० ते ६० अंश सेल्सिअस.

या साखळ्यांची गोडी साखरेहून बरीच कमी असते. त्या तोडणारे विकर आपल्या लहान आतड्यात नाही. त्यामुळे त्या मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि बायफिडोबॅक्टेरिया या हितकर जंतूंचे अन्न होतात. अशा अन्नाला गिब्सन आणि रोबरफ्रॉइड यांनी १९९५ साली ‘प्रीबायोटिक’ हे नाव दिले. कांदा, लसूण आणि केळे यांत या शर्करा निसर्गतःच असतात. जपानमध्ये मेइजी कंपनीने १९८० च्या दशकात त्या बाजारात आणल्या. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतही या विषयावर संशोधन झाले आहे.

मात्र येथे एक मेख आहे. प्रत्येक जोडणीमागे एक ग्लुकोज सुटे होते. ते साचले की विकराचे काम मंदावते आणि उतारा सुमारे ५५ ते ६० टक्क्यांवर अडतो. उरलेल्या भागात ग्लुकोज आणि मूळची साखर असते. ती वेगळी काढली नसेल, तर ‘प्रीबायोटिक’ या शब्दावर विसंबून मधुमेही माणसाने तो पाक घेणे धोक्याचे ठरेल. वेष्टनावरील मजकूर वाचावा, हेच शहाणपण. शुद्ध पदार्थही बेताने घ्यावा. अतिरेक केल्यास पोट फुगते.

महाराष्ट्रात उसावर कितीतरी संसार चालतात आणि वैद्य तर साखर कमी करा म्हणतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांतून वाट काढणाऱ्या विद्यांपैकी ही एक आहे. पण तिची किंमत शुद्धतेवर ठरेल, नावावर नव्हे.