थंडीत टाका, उन्हाआधी तोडा
(घोडपदेव, मुंबई येथे जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेले भाषण)



बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने आलेली आपली मंडळी आज सकाळी भायखळ्याच्या भाजीबाजारात फिरून आली. घोडपदेवच्या या खोलीत चहा होण्याआधीच प्रश्न आला, "साहेब, असा टोमॅटो आपल्या वावरात का होत नाही?" २०२३ च्या जुलैत नारायणगावला वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला, हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. त्याच भागात दोनच महिने आधी, मे महिन्यात, तोडणीची मजुरी निघेना म्हणून लोकांनी माल फेकून दिला, ही गोष्ट मात्र पाहुणे सांगत नाहीत.

आम्ही स्वतः या मोहात पडलो होतो. शेतकीची पदवी खिशात होती. जुन्नरकडचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलले. जानेवारीत बी टाकले, फेब्रुवारीच्या शेवटी लावण केली. झाडे कमरेच्या वर गेली, फुलांनी भरली. एप्रिलमध्ये पारा बेचाळीसवर चढला आणि रोज सकाळी सरीत फुलांचा सडा. शेजारचे म्हातारबाबा बांधावरून म्हणाले, "पाला झकास आलाय, पण हा बैलसुद्धा खात नाही."

चूक बियाण्याची नव्हती, तारखेची होती. दिवसाचे तापमान पस्तिसाच्या फार पुढे गेले आणि रात्रही गार पडली नाही, की टोमॅटोचा पराग कामाचा राहत नाही. फूल येते, फळ धरत नाही. जुन्नर सह्याद्रीच्या कुशीत, सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. तिथली एप्रिलची रात्र आणि यवतमाळची रात्र यांत फरक आहे. त्यामुळे आपल्याला उलटे मोजावे लागते. फळधारणा फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत उरकली पाहिजे. फुलापासून लाल फळाला साधारण दीड महिना लागतो, लावणीपासून फुलाला महिना, बियापासून लावणीला थंडीत पस्तीस दिवस. म्हणजे बी २० नोव्हेंबर ते १० डिसेंबर याच दिवसांत पडले पाहिजे. तोडा मार्चच्या मध्याला सुरू होतो आणि एप्रिलअखेर संपतो.

नेमकी त्याच दिवसांत थंडी असते. टोमॅटोचे बी पंचवीस अंशांना सहा दिवसांत उगवते, पंधरा अंशांना दोन आठवडे घेते, दहा अंशांना महिना उलटून जातो. तोवर ते कुजते, आणि आपण दुकानदाराला शिव्या देतो. म्हणून बांबूच्या कांबी वाकवून ट्रेवर प्लास्टिक घाला. ऊन कलले की झाका, सकाळी ऊन आले की उघडा. पाणी सकाळी द्या; विहिरीचे ताजे पाणी थंडीत कोमट असते, टाकीत रात्रभर गारठलेले घालू नका. रोप वर आले की पन्नास मेशची नायलॉन जाळी लावा, कारण पांढरी माशी शेजारच्या पऱ्हाटीवरच बसलेली असते. तीच पर्णगुच्छ आणते. कपाशीवरची अमेरिकन बोंडअळी टोमॅटोचे फळही पोखरते, हेही विसरू नका.

इथे फरदडीचा विषय काढावाच लागतो. डिसेंबरनंतर पाणी देऊन कपाशी उभी ठेवली की चार वेचण्या जास्त मिळतात आणि पुढच्या वर्षासाठी गुलाबी बोंडअळी पोसली जाते. ते पाणी वाचवा. डिसेंबरच्या मध्याला पऱ्हाटी उपटा, वावराबाहेर काढा, आणि विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत टोमॅटो लावा. भोवती ज्वारीच्या तीन दाट ओळी महिनाभर आधी पेरून ठेवा. माशीही अडते, गरम वाराही. दहा ग्रॅमचे एक पाकीट एवढ्याला पुरते. बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचे अर्का रक्षक पर्णगुच्छ सोसते, ते मिळाले तर बघा.

दहा गुंठेच का? दहा गुंठे म्हणजे हजार चौरस मीटर; एक मिलिमीटर पाणी म्हणजे हजार लिटर. मार्च-एप्रिलमध्ये ठिबकवरसुद्धा रोज सहा-सात हजार लिटर लागतील. तेवढे पाणी एप्रिलअखेरपर्यंत नसेल तर पाच गुंठे करा. तेही नसेल तर करू नका. आम्ही कुणाला भरीस घालणार नाही.

आता विक्री. इथून कॉटन ग्रीन चालत जाण्यासारखे आहे. आपला कापूस गठाणी होऊन तिथे यायचा आणि त्याचा भाव आपल्याला न विचारता ठरायचा. टोमॅटोही मुंबईला धाडाल तर तेच होईल. घाऊक भाजीबाजार १९९६ सालीच वाशीला गेला. यवतमाळहून तिथवर जाईतो निम्मा माल चेपलेला असेल. आणि भाव फार चढलाच तर काय होते तेही पाहिले. १४ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारने दिल्लीत नव्वद रुपये किलोने टोमॅटो विकायला काढले, ऑगस्टमध्ये नेपाळहून आयातीला मोकळीक दिली. मे महिन्यात माल मातीत जात होता तेव्हा अशी घाई आम्हाला दिसली नाही.

आपले गिऱ्हाईक तालुक्याचा आठवडी बाजार आणि एप्रिलची लग्नसराई. आचाऱ्याला वीस क्रेट लागतात, ते तो आज बाहेरगावचे घेतो. त्याला मार्चमध्येच भेटा. एक मात्र करा: एका गावाने २० नोव्हेंबरला बी टाकावे, दुसऱ्याने १ डिसेंबरला, तिसऱ्याने १० तारखेला. नाहीतर तिघांचा पहिला तोडा एकाच सोमवारी एकाच बाजारात उतरेल आणि व्यापारी टोपली पायाने सरकवेल. कोणते गाव कोणती तारीख घेणार, ते संध्याकाळी गाडीत बसण्याआधी या वहीत लिहून द्या.