शेवटचे साडेतीनशे मीटर



दीक्षान्त समारंभाच्या पाहुण्यानं जिंकलेल्यांच्या गोष्टी सांगाव्यात, असा रिवाज आहे. मी अपात्र ठरलेल्या एका माणसाची गोष्ट सांगतो.

दोरान्दो पिएत्री. जन्म १८८५चा, उत्तर इटलीतला. कार्पी गावात मिठाईच्या दुकानात तो पोऱ्या होता. २४ जुलै १९०८ला लंडन ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये विंडसरहून धावायला निघाला. ऊन मी म्हणत होतं. पुढे असलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या हेफरनला त्यानं अखेरच्या टप्प्यात मागं टाकलं आणि स्टेडियममध्ये पहिला शिरला. पण अंगात त्राण उरलं नव्हतं. तो चक्क उलट्या दिशेनं निघाला! पंचांनी वळवलं, तर कोसळला. उठवलं, पुन्हा कोसळला. असं पाचदा झालं. शेवटच्या साडेतीनशे मीटरना सुमारे दहा मिनिटं लागली. अंतिम रेषेवरचं छायाचित्र जरूर पाहा: छातीवर १९ क्रमांक, पाय लटपटताहेत आणि शेजारी हातात भोंगा घेतलेला अधिकारी त्याला सावरतोय.

मागोमाग, ३२ सेकंदांनी, अमेरिकेचा जॉनी हेझ आला. दोरान्दोला मिळालेल्या मदतीबद्दल अमेरिकेनं तक्रार केली आणि तो बाद झाला.

निर्णय बरोबरच होता. पण त्याला उठवणारे हात वैऱ्याचे नव्हते. त्यात डॉक्टर होते, पंच होते. त्यांना तो मरेल अशी भीती वाटली, आणि ती खोटी म्हणता येत नाही. तरी पदक गेलं ते त्या हातांमुळेच. पालकहो, आपण सगळे त्याच मैदानाच्या कडेला उभे आहोत, आम्ही शिक्षकही. मुलाचा अर्ज आपणच भरायचा, ओळखीच्या साहेबाला फोनही आपणच करायचा, आणि वर म्हणायचं, पोरगं स्वतःच्या पायावर उभं राहिलं!

दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्रानं दोरान्दोला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा चषक दिला. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनी त्याला बेकरी काढता यावी म्हणून वर्गणीची मोहीम चालवली. तीनशे पौंड जमले. लोकांच्या हळहळीवर जन्मभर जगता आलं असतं. पण त्यानं नोव्हेंबरात न्यूयॉर्क गाठलं. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या छपराखाली, लहानशा ट्रॅकवर त्याच हेझशी पुन्हा पूर्ण मॅरेथॉन धावला आणि जिंकला. मार्चमध्ये परत जिंकला. हे धावणं पैशासाठी होतं, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही.

१९११मध्ये तो निवृत्त झाला. भावाबरोबर काढलेलं हॉटेल बुडालं, मग सानरेमोत मोटारींचं गॅरेज चालवलं. १९४२मध्ये तो वारला. १९०८च्या निकालात आजही विजेता म्हणून हेझचंच नाव आहे, आणि ते बदलावं असं मला वाटत नाही.