त्याग आणि तजवीज



रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाला बळी पडलेल्या माणसांविषयी आपल्या समाजात जो आदर आहे तो सर्वथा यथार्थ आहे. परंतु त्या आदराच्या भरात एक प्रश्न बहुधा विचारावयाचा राहून जातो, आणि तो हा की, तो मृत्यू टाळता येण्याजोगा होता किंवा नव्हता. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आणि वॉर्डातील मामा-मावश्या यांना कामावर असताना होणाऱ्या रोगसंसर्गाविषयी बोलताना मी याच प्रश्नापासून सुरुवात करतो.

इ. स. १८९७ च्या आरंभी पुण्यात ग्रंथिक सन्निपाताने, म्हणजे प्लेगाने, कहर मांडला असता सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर झालेल्या आपल्या यशवंत या मुलाच्या दवाखान्यात रुग्णांच्या शुश्रूषेचा भार उचलला, मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवरून तेथे आणले, आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला, हे महाराष्ट्राला ठाऊकच आहे. प्लेगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता खरा. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोडे तेव्हा उलगडलेले नव्हते. उंदराच्या अंगावरील पिसू हा त्याचा वाहक आहे हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने प्रयोगाने दाखविले ते १८९८ साली, कराचीत. आणि त्यावर विद्वानांचा विश्वास बसण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. सारांश, कोणत्या शत्रूपासून जपावयाचे हे सांगू शकेल असा मनुष्य त्या वेळी पुण्यातच काय, जगातही नव्हता. जे कोणालाच ज्ञात नव्हते त्याची तजवीज केली नाही म्हणून कोणाला बोल लावता येत नाही. म्हणून त्या मृत्यूला आपण त्याग म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. आज मात्र रोगाची वाट ठाऊक आहे, ती अडविण्याचे उपाय ठाऊक आहेत, आणि तरीही जर सेवकाला रोग जडत असेल तर त्याला त्याग हे नाव देऊन मोकळे होणे म्हणजे ज्याची कसूर आहे त्याला अलगद सोडून देणे होय.

या ज्ञानाचा एक उगमच मुळी एका डॉक्टरच्या मृत्यूत आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात शवविच्छेदन चालू असता याकोब कोलेचका या प्राध्यापकाच्या बोटाला विद्यार्थ्याच्या हातातील सुरी लागली आणि थोड्याच दिवसांत तो दगावला. त्याच्या शवपरीक्षेचा वृत्तान्त वाचताना त्याचा स्नेही, प्रसूतिगृहातील डॉक्टर झेमेलवाइस, याच्या ध्यानात आले की, सूतिकाज्वराने मरणाऱ्या बाळंतिणींच्या शरीरात जे विकार दिसतात तेच येथेही आहेत. म्हणजे शवागारातून प्रसूतिगृहात येणारे डॉक्टरांचे हातच मृत्यू वाहून आणीत असले पाहिजेत. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा दंडक त्याने घातला आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. रुग्णाचे रक्षण आणि सेवकाचे रक्षण ही दोन निराळी खाती नाहीत, हे त्या प्रसंगापासून स्पष्ट आहे.

सुरीची जागा आज सुईने घेतली आहे. एखाद्या सार्वजनिक रुग्णालयातील रात्रपाळी डोळ्यांसमोर आणा. खाटा भरून जमिनीवर गाद्या आल्या आहेत, सिस्टर एका मुलाचे रक्त काढते आहे, मूल हात हिसकते, तोच पलीकडून कोणी ‘सिस्टर, सलाईन संपलं’ अशी हाक देतो. ती घाईने सुईवर टोपण बसवू जाते, टोपण चुकते, आणि सुई हातमोज्यातून बोटात शिरते. कधी ती सुई ट्रेमधल्या कापसात तशीच राहते, आणि पहाटे कचरा गोळा करणाऱ्या मावशींच्या तळहाताला तिचा पत्ता लागतो. रक्तातून येणाऱ्या काविळीविरुद्ध, म्हणजे हिपॅटायटिस बीविरुद्ध, ज्याने लस घेतलेली नाही अशा माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली तर रोग जडण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत ती हजारात तीनच्या आसपास असते. पहिला आकडा मोठा खरा. पण त्याच रोगावर सहा महिन्यांत तीन मात्रांनी पुरी होणारी लस आहे, ती १९९७ पासून हैदराबादेतही तयार होते, आणि ती टोचून घेतली की बहुतेकांची चिंता मिटते.

सुई टोचल्यावर काय करावे हेही ठरलेले आहे. बोट पिळू नये, तोंडात घालू नये, त्यावर स्पिरिट चोळू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे आणि विनाविलंब वरिष्ठांना कळवावे. एचआयव्हीचा संशय असल्यास प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि पुढे २८ दिवस घ्यावी लागतात. म्हणजे सारी भिस्त तत्काळ कळविण्यावर आहे. आणि नेमके तेथेच घोडे पेंड खाते. ‘लक्ष कुठं होतं तुझं?’ हा वरिष्ठांचा पहिला प्रश्न असेल हे जिला अनुभवाने कळले आहे, ती मुकाट्याने बोटाला पट्टी बांधते आणि कामाला लागते. अपघाताची नोंदवही कोरी असणे हा अनेक ठिकाणी उत्तम कारभाराचा दाखला मानला जातो. वस्तुतः तो बहुधा भीतीचा दाखला असतो.

सरकारी हुकमांची येथे वाण नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ साली झाले, २०१६ साली ते नव्याने लिहिले गेले, आणि सुया-पात्यांसाठी न भेदली जाणारी पांढरी पेटी, रक्ताळलेल्या पट्ट्यांसाठी पिवळी पिशवी, नळ्या व हातमोजे यांच्यासाठी लाल, काचेसाठी निळे पात्र, अशी तपशीलवार योजना त्यांत आहे. एवढेच नव्हे, तर असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांची लस द्यावी, वर्षातून एकदा तरी त्याची तपासणी करावी, असेही त्यांत बजावले आहे. नियम ‘प्रत्येकाला’ म्हणतो. पण ज्या मावशींचे नाव रुग्णालयाच्या पटावर नसून कंत्राटदाराच्या हजेरीपुस्तकात आहे, त्यांची लस कोणी द्यावयाची, यावर दोन कचेऱ्या एकमेकींकडे बोट दाखवितात, आणि तोवर त्या पातळ हातमोजे घालून पिशव्या उचलीतच राहतात. व्यवस्थेची परीक्षा करावयाची असेल तर शल्यगृहात न जाता या मावशींपाशी जावे, असे मला वाटते.

सुई निदान दिसते तरी. हवा दिसत नाही. क्षयी मनुष्य खोकला की उडणारे सूक्ष्म कण खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात, आणि त्यांवरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे उघडी खिडकी. पेरू देशातील लिमा शहरातल्या रुग्णालयांची एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की, उंच छतांच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत हवा जितकी खेळते तितकी नव्या धर्तीच्या इमारतींत खेळत नाही. आपल्याकडेही जुन्या दवाखान्यांची उंच छते आणि झरोके पाडून तेथे बंद, वातानुकूलित खोल्या बांधण्याची हौस वाढली आहे. अशा बांधकामाला हात घालण्यापूर्वी क्षयाच्या वॉर्डात दिवसभर उभ्या राहणाऱ्या परिचारिकेचे फुप्फुस जमेस धरलेले बरे. जेथे खिडकी पुरत नाही तेथे तिला चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा मिळाला पाहिजे, आणि खोकणाऱ्या रुग्णाला साधा मुखपट्टा देऊन वेगळे बसविले पाहिजे.

हे सर्व सरकारने आणि रुग्णालयांनी करावयाचे, आपला त्यात काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो घरापर्यंत पोहोचतो. मधुमेहासाठी घरी इन्सुलिन टोचून घेणारी कुटुंबे आता प्रत्येक आळीत आहेत, आणि त्यांच्या सुया भाजीच्या देठांबरोबर घंटागाडीत जातात, तेथून त्या कचरा निवडणाऱ्या स्त्रीच्या हातात. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनी वापरलेल्या सुयांना घरगुती घातक कचऱ्यात घातले. जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची एखादी बाटली घ्यावी, सुई वापरताच तीत टाकावी, बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून तिच्यावर ‘सुया’ असे ठळक लिहावे, आणि ती घंटागाडीवाल्याच्या हाती वेगळी द्यावी. त्याला काय आहे ते तोंडाने सांगावे, म्हणजे तो ती वेगळी ठेवील. रुग्णालयांनी आपल्या मावशींसाठी काय केले हे विचारण्याचा अधिकार मग आपल्यालाही पोहोचेल.