सरल वृक्ष



आमच्या आकुर्डीस कारखान्यांत यंत्रांचे भाग ज्या खोक्यांतून येतात, त्यांस लोक सर्रास ‘देवदारी खोकीं’ म्हणतात. नांव देवदाराचें; लाकूड मात्र पुष्कळदां पाइनाचें असतें. या पाइनाच्या कुळांतील जो वृक्ष हिमालयाच्या खालच्या रांगांवर विपुल आढळतो, त्याची आज ओळख करून घेऊं. हिंदींत त्यास चीड म्हणतात, संस्कृतांत सरल.

सुमारें ५०० पासून २००० मीटर उंचीपर्यंतच्या उतारांवर हा वाढतो. पानें सुईसारखीं, तीन-तीनांच्या जुडग्यांत, वीतभर किंवा त्याहूनही लांब. खोडास खांच पाडली म्हणजे चिकट रस पाझरतो. त्याचें ऊर्ध्वपातन केलें कीं टर्पेंटाइन मिळतें आणि मागें ठिसूळ राळ उरते. सारंगीच्या गजास घासतात ती हीच. काष्ठौषधींच्या दुकानांतला गंधाबिरोजाही याच झाडाचा.

या रसांत त्याचें वैभव आहे, तसें संकटही. मेघदूतांतील रामगिरि म्हणजे नागपुराजवळचें रामटेक, असें वा. वि. मिराशी यांनीं साधार प्रतिपादिलें. त्या गिरीवरून निघणाऱ्या मेघास यक्ष विनवितो कीं, हिमालयावर सरलांच्या घर्षणानें वणवा पेटला असेल, तर तो तुझ्या धारांनीं विझव. मुलांस हें सांगतांना मी ती केवळ कविकल्पना म्हणून सांगत असें. ती माझी चूक होती.

उन्हाळ्यांत चिडाचीं पानें गळून जमिनीवर कोरडा, निसरडा थर सांचतो. तेथील लोक त्यास पिरूल म्हणतात. त्यास एक ठिणगी पुरते. आणि ती आतां बहुधा मनुष्याच्याच हातून पडते. १९२१ सालीं जाचक जंगलनियमांच्या निषेधार्थ कुमाऊंतील लोकांनीं चिडाचीं रानें पेटविलीं होतीं. २०१६ व २०२४ सालीं उत्तराखंडांत मोठे वणवे लागले. जाड सालीमुळें वाढलेला चीड पुष्कळदां वांचतो. पण रसासाठीं पाडलेल्या खांचा पेट घेतात, आणि शेजारच्या बांज वृक्षांचीं कोवळीं रोपें जळून जातात. मग त्या मोकळ्या जागीं पुन्हा चीडच उगवतो.

म्हणून पहाडी लोक त्यास दूषण देतात. पाणी धरून ठेवणारा बांज गेला, चीड माजला आणि झरे आटले, अशी त्यांची तक्रार आहे. परंतु रेल्वेचे स्लीपर आणि टर्पेंटाइन यांच्या लोभानें चिडाचीं रानें जोपासलीं कोणीं? मनुष्यानेंच. तेव्हां सारा दोष एकट्या वृक्षाच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे.

२०२४ सालीं उत्तराखंड सरकारनें पिरूल किलोस ५० रुपये दरानें विकत घेण्याची योजना जाहीर केली. त्यापासून जळणाच्या विटा करतां येतात. उपाय साधा आहे, पण तो दरवर्षीं, वणव्याच्या आधीं झाला पाहिजे. यक्षास मेघाची विनवणी करावी लागली. आपल्या हातीं दांताळें आहे.