गावाचा नकाशा आणि गुरुजींची परीक्षा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, अध्यापक विद्यालयांत शिकणाऱ्या ज्ञातीतील विद्यार्थी-विद्यार्थिनींपुढे केलेले भाषण)



आम्ही मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतलेले आणि खेड्यापाड्यांतील शाळांत जन्मभर खडू झिजविलेले शिक्षक. आमच्याकडून विद्वत्तेची अपेक्षा नसावी. इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र कसे शिकवावे, याविषयी चार शब्द सांगण्याची मंडळाने आज्ञा केली. ती शिरोधार्य मानून आमच्या हातून घडलेली एक चूकच आपल्यापुढे ठेवतो.

कित्येक वर्षे आम्ही ग्रामपंचायतीची कामे फळ्यावर लिहून देत असू. दिवाबत्ती, पाणीपुरवठा, जन्ममृत्यूची नोंद ही यादी मुले घडाघडा म्हणत व गुणही उत्तम मिळवीत. परंतु शाळेसमोरचा दिवा महिनाभर बंद असता तक्रार कोठे करावी, हे एकाही मुलास सांगता येईना. पाठ झाले होते. कळले मात्र नव्हते.

म्हणून १९९७ साली पाचवीच्या मुलांस घेऊन आम्ही गावात निघालो. शंभर पावलांस कागदावर एक बोट, असे प्रमाण ठरविले. उगवतीकडे तोंड केले की डावा हात उत्तरेस, ही खूण दिली. मुलांनी देऊळ, चावडी, विहिरी, दुकाने मोठ्या हौसेने मांडली. नकाशा भिंतीवर लागला आणि आम्ही मनातून सुखावलो.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा त्यापुढे बराच वेळ उभा होता. हळूच म्हणाला, “गुरुजी, यात आमचं घर कुठं आहे?”

ओढ्यापलीकडची वस्ती नकाशात नव्हतीच! आमची फेरी ओढ्याशी येऊन परतली होती. तो मुलगाही आमच्याबरोबर पावले मोजीत होता. परंतु ‘पलीकडे चला’ म्हणण्याचे धैर्य त्यास झाले नाही, आणि आम्हांस ते सुचले नाही. दोष मुलांचा नव्हे, आमचा होता.

पुढील फेरीत तोच मुलगा पुढे चालला. मुलांनी घरे मोजली, नळ मोजले. अलीकडे आळीआळीस नळ, तर पलीकडे अठ्ठावीस घरांस मिळून एक! “असं का?” हा प्रश्न मुलांनीच विचारला. त्यानंतर ग्रामसभा म्हणजे काय, तिथे कोणास बोलता येते, पंचायतीचा पैसा कोठून येतो, हे शिकविण्यास आम्हांस काहीच प्रयास पडले नाहीत. मुलांस मताचा अधिकार नाही. त्यांनी ती मोजदाद वडीलधाऱ्यांच्या हाती दिली व ती ग्रामसभेत वाचली गेली. दुसरा नळ लागण्यास पुढे दोन वर्षे गेली, हेही सांगितले पाहिजे.

ही पद्धती आमची नव्हे. अमेरिकेतील तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ साली शिकागो येथे प्रयोगशाळा काढली, तीत मुले प्रत्यक्ष कामे करीत शिकत. लोकशाही व शिक्षण यांचा संबंध सांगणारा त्यांचा ग्रंथ १९१६ सालचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, तेव्हा ड्यूई हे त्यांचे एक गुरू होते. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा विचार दोघांच्याही लेखनात आढळतो. वर्गात ती रीत नसेल तर नागरिकशास्त्राचे पुस्तक काय करील?

तेव्हा, तरुण मित्रांनो, उत्तर सांगण्याची घाई करू नका. मुलांस पाहू द्या, मोजू द्या, विचारू द्या. आणि नकाशा पुरा झाला असे वाटले की, यात कोणाचे घर राहिले, हे आधी स्वतःस विचारा.

आपले मंडळ आपल्या मुलांच्या शिक्षणाची चिंता वाहते, ते उचितच आहे. परंतु वर्गाच्या उंबरठ्याशी आपण आपली ज्ञाती पादत्राणांसारखी बाहेर ठेवावी. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटीवरचे नाव शासन बदलील. मुलांच्या मनातील नकाशा मात्र आपणांसच पुरा करावा लागेल.