खजिनदाराचं वर्ष

जुलै लागला की गावोगावच्या लायन्स आणि रोटरी क्लबांत पदग्रहणाचे हारतुरे सुरू होतात. फोटो अध्यक्षांचे निघतात. खजिनदाराच्या हाती येतं चेकबुक, आणि पाठोपाठ आंतरराष्ट्रीय मुख्यालयाचं, माणशी आकारलेल्या वर्गणीचं बिल. हे बिल वर्षातून दोनदा, जुलैत आणि जानेवारीत. सभासद मात्र आपली वर्गणी दिवाळीपर्यंत रेंगाळत ठेवतात. तीस-पस्तीस जणांच्या क्लबाला शिल्लक लागते ती आधी यासाठी.

त्यात क्लबाचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला. त्यामुळे ३१ मार्चच्या ताळेबंदात पहिले तीन महिने जुन्या खजिनदाराचे, पुढचे नऊ नव्याचे. पावत्यांची फाइल नीट सोपवली नसेल तर ऑडिटरने विचारायचं कोणाला?

लायन्सचा एक नियम मला फार पटतो. सभासदांच्या वर्गणीचं खातं वेगळं, लोकांकडून जमवलेल्या पैशाचं वेगळं. मोतीबिंदू शिबिरासाठी नाटकाचा प्रयोग लावला, तर नाट्यगृहाचं भाडं आणि तिकिटांची छपाई त्या जमेतून वजा करता येते. क्लबाच्या जेवणाचं बिल नाही. ते वर्गणीतूनच द्यायचं. लोकांचे पैसे लोकांच्याच कामी लागले पाहिजेत.

म्हणून कुणी ‘आमच्या क्लबाची मोठी मुदत ठेव आहे’ असं अभिमानानं सांगितलं, की मी विचारतो, कुठल्या पैशाची? वर्गणीतून वाचवलेली असेल तर शाबास! शिबिराच्या देणग्यांची असेल, तर कुणाचं तरी ऑपरेशन राहिलंय. प्राप्तिकर कायद्यालाही हे साठवणं फारसं मानवत नाही. नोंदणीकृत धर्मादाय न्यासाने साधारणपणे ८५ टक्के उत्पन्न त्याच वर्षी कामी लावायचं. त्याहून जास्त मागे टाकायचं तर कारण लेखी कळवायचं, तेही फार तर पाच वर्षांसाठी.

दुसऱ्या टोकाला असतात वर्षभराचे अध्यक्ष. आपल्या कारकिर्दीत प्रकल्पांचा धडाका हवा, म्हणून जूनअखेर खातं कोरडं. माझ्या मते, मुख्यालयाची दोन्ही बिलं आणि सहा महिन्यांचा सभाखर्च भागेल एवढी रक्कम वर्गणीतून बाजूला ठेवावी, आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय कुणी तिला हात लावू नये. हिशेबही दर महिन्याला सभेत वाचावा. जेवणाआधी, बरं का. नंतर ऐकायला थांबतंय कोण?