आयर्लंडच्या गोष्टी आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत आपल्या वाचनाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यवाहबाईंनी मला केली. गेली काही वर्षे मी आयर्लंडमधल्या कथाकादंबऱ्या वाचीत आहे. तेव्हा त्यांच्याविषयीच बोलावे असे ठरविले. कोठे वाशीम आणि कोठे आयर्लंड, असे पुष्कळजणींच्या मनात येईल. त्या शंकेचे निरसन आधी करते.

आयर्लंड हे सारे बेट आपल्या विदर्भाहून थोडे लहानच आहे. पण त्याचा आपल्याशी संबंध जुना. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ च्या जानेवारीत पुण्यास भरले. त्यासाठी ज्या बाईंनी देशभर पत्रे लिहून स्त्रियांना जागे केले, त्या मार्गारेट कझिन्स आयर्लंडच्या. आज गावोगाव जी महिला मंडळे दिसतात, त्यांच्या पूर्वपुण्याईत या बाईंचा वाटा आहे. उलट बाजूने पाहिले तर मालवण तालुक्यातील वराड गावच्या घराण्यातले लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले. म्हणजे येणेजाणे दोन्हीकडून आहे.

परंतु मला त्या देशाच्या गोष्टी जवळच्या वाटल्या त्या या कारणांनी नव्हेत. जवळच्या वाटल्या त्या दुष्काळामुळे. १८४५ साली तेथे बटाट्यावर रोग पडला. गरिबांचे सारे खाणे बटाट्यावर, त्यामुळे पुढील सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्याच काळात बंदरांतून धान्य बाहेर जातच होते. आपल्याकडे १८९९ साली पाऊस गेला आणि वऱ्हाडात भयंकर दुष्काळ पडला. तेव्हा वाशीम हा इंग्रजांच्या कागदावर ‘बासीम’ नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. पैशाचे पीक शेतात आणि पोटाचे धान्य बाजारात, ही आपली रीत तेव्हापासूनची. कापूस गेला, सोयाबीन आले, पण भावाकडे डोळे लावून बसणे काही सुटले नाही.

लिअम ओफ्लॅहर्टी यांची ‘फॅमिन’ ही १९३७ ची कादंबरी त्या दुष्काळावरच आहे. तिच्यात पुढारी आहेत, धर्मगुरू आहेत, पण घर तगवून धरते ती मेरी नावाची सून. सासऱ्याचा जीव जमिनीत अडकलेला, आणि हिचा जीव तान्ह्या लेकरात. जमीन धरून मरावे की लेकरू घेऊन परमुलखास जावे, हा तिच्यापुढचा प्रश्न. आपल्या भागातून पुण्यास किंवा सुरतेस कामाला निघणाऱ्या कुटुंबांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

दुष्काळाने तेथली भाषाही नेली. आयरिश बोलणारी गरीब वस्तीच सर्वांत अधिक मेली व परागंदा झाली. उरलेल्यांनी पोटासाठी इंग्रजी धरली. पण त्या इंग्रजीला त्यांनी आपले वळण दिले. तेथली पात्रे पुस्तकी इंग्रजी बोलत नाहीत, घरची बोलतात. आपली वऱ्हाडी बोलावयास लाजणाऱ्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते. १९६० साली उद्धव शेळके यांची ‘धग’ निघाली आणि वऱ्हाडी बोलणारी कौतिक मराठी साहित्यात मानाने बसली. त्याच वर्षी एड्ना ओब्रायन यांची ‘दि कंट्री गर्ल्स’ निघाली. तिच्यात खेड्यातल्या दोन मुली आपले मन उघडपणे बोलतात, म्हणून आयर्लंड सरकारच्या नियंत्रण मंडळाने तिच्यावर बंदी घातली. खेड्यातल्या मुलीच्या मनात काय चालते हे छापून येणे कोणाला इतके जड जावे, याचा विचार करण्यासारखा आहे.

आता दोन लहान गोष्टींकडे वळते. पहिली जेम्स जॉइस यांची ‘एव्हलिन’. ‘डब्लिनर्स’ या १९१४ च्या संग्रहात ती आहे. एकोणीस वर्षांची मुलगी, आई गेलेली, बाप तापट, धाकट्या भावंडांचे करता करता थकलेली. एक खलाशी तिला लग्न करून दूर देशी नेणार आहे. मरणाऱ्या आईला तिने घर सांभाळण्याचे वचन दिले आहे. ती बंदरावर जाते, पण बोटीवर पाय ठेवीत नाही, कठडा घट्ट धरून उभी राहते. ती चुकली की बरोबर वागली, हे लेखक सांगत नाही. आमच्या घरी ही गोष्ट मी मोठ्याने सांगितली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “तिनं बरं केलं,” आणि माझी मुलगी म्हणाली, “तिनं जायला पाहिजे होतं.” रात्री जेवणे होईतो वाद चालला. एका घरातल्या तीन पिढ्यांना इतके मोकळेपणी बोलावयास लावते ती गोष्ट परकी कशी म्हणावी?

दुसरी क्लेअर कीगन यांची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’. ही २०२१ ची, शंभरसव्वाशे पानांची लहान कादंबरी. काळ १९८५ च्या नाताळचा. बिल फर्लाँग हा कोळशाचा व्यापारी. कष्टाळू, पाच मुलींचा बाप. त्याची आई अविवाहित होती. ज्या विधवा बाईंकडे ती कामाला होती, त्यांनी तिला घराबाहेर काढले नाही, म्हणून हा जगला. एके पहाटे तो जोगिणींच्या मठात कोळसा पोचवावयास जातो, तो तेथल्या कोळशाच्या कोठीत एक मुलगी कोंडलेली आढळते. मठात अशा ‘वाट चुकलेल्या’ म्हटल्या गेलेल्या मुलींकडून धुण्याचे काम करून घेत. गावाला हे ठाऊक असते, पण कोणी बोलत नाही. कारण साधे आहे. गावातली मुलींची चांगली शाळा त्याच जोगिणींची, आणि आपल्या मुलींना तेथे जागा मिळावयाची असते. बायको म्हणते, आपल्याला काय करायचे? शेजारीण म्हणते, त्यांच्याशी वाकडे घेऊ नका. शेवटी तो त्या मुलीचा हात धरून भर रस्त्यातून तिला आपल्या घरी आणतो. गोष्ट तेथेच संपते. पुढे काय झाले ते सांगितलेले नाही.

हे सारे कल्पनेतले नाही. अशी धुलाईगृहे आयर्लंडमध्ये खरोखर होती. शेवटचे १९९६ साली बंद झाले, आणि २०१३ साली तेथल्या पंतप्रधानांनी संसदेत त्या स्त्रियांची क्षमा मागितली. आपल्याकडे जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ सालीच पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढून अशा स्त्रियांना दार उघडले होते, एवढेच नव्हे तर त्यांतल्या एकीचा मुलगा दत्तक घेतला. त्याचा आपण अभिमान धरतो. पण नुसत्या अभिमानाने दार उघडे राहत नाही.

भगिनींनो, ती कादंबरी मिटल्यावर माझ्या मनात आपल्याच गावच्या गल्ल्या उभ्या राहिल्या. पश्चिम विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्राने खास मदत जाहीर केली, त्यांत आपला वाशीम आहे. ज्या घरचा कर्ता गेला, त्या घरची बाई कर्ज फेडते, मुले शिकविते, सोयाबीन काढते. आणि संक्रांत आली की हळदीकुंकवाच्या वेळी तीच घरात बसते. तिला कोणी कोठीत कोंडीत नाही. आपण फक्त बोलावीत नाही. कारण विचारले तर आपणही तेच म्हणतो: आपल्याला काय करायचे, लोक काय म्हणतील, मुलींची लग्ने व्हायची आहेत.

कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात विधवापणाच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तेही आपल्यासारखेच गाव. म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, महिन्यातून एका दुपारी मंडळात एक गोष्ट वाचावी. जिला इंग्रजी येते तिने वाचावी आणि आपल्या वऱ्हाडीत सांगावी. आरंभ ‘एव्हलिन’ने करावा, कारण ती लहान आहे आणि भांडावयास चांगली आहे. दुसरी सूचना अशी की, येत्या संक्रांतीला मंडळाचे वाण गावातल्या प्रत्येक स्त्रीला द्यावे, आणि ज्या कधी बोलाविल्या गेल्या नाहीत त्यांच्या घरी आपल्यापैकी दोघींनी स्वतः जाऊन आमंत्रण द्यावे. चिठ्ठी पाठवू नये.

दुसऱ्या सूचनेस काहीजणींचा विरोध होईल हे मी जाणते. तो त्यांनी येथेच, सभेत बोलून दाखवावा, म्हणजे आजच निकाल लागेल.